पानातलं मीठ

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या ऑफिसच्या गेमिंग स्पर्धेत शिवीगाळ चालवून घ्यायची का, यावर कँटीनमध्ये वाद पेटला होता. माइक हातोहात फिरत होता. पुण्याचा तन्मय इंग्रजीत म्हणाला, “शिव्या म्हणजे खेळातलं मीठ. त्यानं काय बिघडतं?” पोरं हसली. शेजारची चारुलता हसली नाही. काल ती जिंकू लागताच त्यानंच हेडफोनमधून तिच्या आईवरून मराठीत नाही नाही ते ऐकवलं होतं. चेन्नईच्या मुलीला काय कळतंय, हा त्याचा भरवसा. तिचं घराणं तंजावरचं, घरात पिढ्यानपिढ्या मराठीच, हे त्याच्या गावीही नव्हतं. तन्मयनं माइक तिच्यापुढे केला. तिनं तो त्याच्याच तोंडाशी वळवला. “कालचं परत बोल,” ती मराठीत म्हणाली. “तमिळमध्ये मी सांगते.” “तुला मराठी येते?” त्याची कुजबुज स्पीकरमधून कँटीनभर गेली. “मीठ ना ते? पानात मीठ पहिलं वाढतात, सगळ्यांस. वाढ.”