सुईनंतरचा अर्धा तास

"सुई मारून झाली ना? मग आता काय पोरीची आरती करायची हाय?" गंगाबाई सुनेच्या कानाशी लागून पुटपुटली. "अर्धा तास बसा म्हनं. बाजारात टोपली टाकून आलेय मी. माजं बोंबील थांबनार हाय का अर्धा तास?"

सून रंभाने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि लेकीकडे बघत राहिली.

रोशनी आईच्या पलीकडे, भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. दंडावर कापसाचा बोळा. पनवेलच्या त्या सरकारी दवाखान्यात आज चौदा वर्षांच्या मुलींना लस होती आणि टोचून झालेल्या मुलींना या खोलीत आणून बसवत होते. समोरच्या बाकावर दोघी-तिघी एका मोबाइलवर डोकी लावून खिदळत होत्या. रोशनीला त्यांचा हेवा वाटला. सुईला ती घाबरली नव्हतीच. सुई म्हणजे काय, कोळंबी सोलताना काटा लागतो तेवढीच. ती घाबरली होती या अर्ध्या तासाला.

हा अर्धा तास कशासाठी असतो ते तिला वर्गातल्या मनस्वीने सांगितलं होतं. मनस्वीच्या ताईने ही लस मागेच घेतली होती. शिवाय मनस्वी सगळंच छातीठोकपणे सांगायची, त्यातलं निम्मं चुकीचं असलं तरी. "ज्यांना तो आजार आधीच असतो ना, त्यांना लगेच कळतं. म्हणून तर बसवून ठेवतात. बघायला."

'तो आजार' रोशनीच्या घरात राहायला आला त्याला वर्ष होत आलं होतं. त्याला नाव नव्हतं. बाबा 'आईचं ते' म्हणत, आजी 'अशक्तपना' म्हणे, शेजारणी नुसत्या चुकचुकत. आईचे केस गेले तेव्हा आजीने उन्हाळ्याला बोल लावला. पण गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या आशाताई दारात येऊन म्हणाल्या, "ही लस बायकांच्या त्या आजारावर आहे," आणि घरातली सगळी माणसं एकदम खाली बघायला लागली. रोशनीला तेवढं पुरलं.

आईचं सगळं रक्तापासून सुरू झालं होतं. अवेळी जायचं. मोरीचं दार लावून घेऊन ती कपडे धूत बसायची. आणि या महिन्यात रोशनीची पाळी दोनदा आली होती. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मोरीचं दार लावून घेऊन तिनेही कपडे धुतले होते.

आता आई तिच्याकडे एकटक बघत होती. आधी चेहऱ्याकडे, मग ओठांकडे, मग नखांकडे. रोशनीने मुठी आवळल्या. दिसलं असेल का काही? कानात बारीक शिटी वाजायला लागली. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी पाठीवरून घाम ओघळला. हेच असणार. कळतं म्हणतात ते हेच.

सिस्टर दारातून डोकावल्या. "बऱ्या आहात ना गं सगळ्या? कोणाला चक्कर, मळमळ?"

समोरच्या मुलींनी नाही म्हटलं. रोशनीनेही मान हलवली. सिस्टरांची नजर तिच्यावर थांबली. "ही अशी पांढरी का पडलीय?"

रोशनी उठली. तिला दार दिसत होतं, दारापलीकडचा रस्ता दिसत होता. तिथे कोणी तिच्याकडे बघत बसलं नव्हतं. तिने पाऊल टाकलं आणि तिचा तोल गेला. मागून आईने तिला कवेत धरलं. आईच्या अंगात अजून एवढं बळ असेल असं कोणालाच वाटलं नसतं.

"रोशनी! काय होतंय? बोल, बाय!"

"सांगत व्हते मी!" गंगाबाई बाकावरून उठून किंचाळली. बोंबील, टोपली, बाजार, सगळं सोंग गळून पडलं. "नको ती सुई, सांगत व्हते! पोर गेली माजी!"

"आजी, आधी बसा तुम्ही." सिस्टरांनी रोशनीला बाकावर आडवं केलं, नाडी बघितली, पाण्याचा घोट पाजला. "काही झालेलं नाही. उपाशी आलीय आणि घाबरलीय. चक्कर आली तर सांभाळायला आम्ही जवळ असावं, यासाठीच तर बसवतो."

रोशनीने त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "कळलं का तुम्हाला?"

"काय?"

"मला पण आहे ना? या महिन्यात माझी पण दोनदा आली."

सिस्टरांना क्षणभर काही उमगेना. मग त्यांची नजर रंभाच्या डोक्यावरच्या पदराकडे गेली आणि आवाज खाली आला. "अगं वेडे, तुझ्या वयात होते पाळी मागेपुढे. डॉक्टरांना दाखवू आपण हवं तर. पण तुला तसलं काही नाही."

"कसलं?" रोशनीने विचारलं.

सिस्टर आईकडे बघायला लागल्या. आई आजीकडे. आजी जमिनीकडे. समोरच्या मुलींनी मोबाइल खाली ठेवला.

"अशक्तपना गो, बाय," गंगाबाई पुटपुटली. "दुसरं काय..."

"पुरे झालं, आये." रंभाने डोक्यावरचा पदर खांद्यावर सरकवला. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बाजाराच्या त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला या टोकावरून हाक मारायची, तसल्या मोकळ्या आवाजात ती म्हणाली,

"कॅन्सर मला झालाय, रोशनी. तुला नाय. तुला कदी होऊ नये, म्हनून तर तुला हितं आनलंय."