बावीस वेढे

"किती झाले?" गाडीखालून आवाज आला.

"अकरा," ती म्हणाली.

नवरा काढलेल्या चौथ्या, शेवटच्या चाकाच्या जागी उताणा पडून लांब पान्ह्यानं स्प्रिंगखालचं कडं फिरवत होता. कडं आट्यांवरून जितकं वर चढेल, तितकी गाडी वर. चारही चाकांना बावीस-बावीस वेढे द्यायचे होते आणि मोजायचं काम तिचं. एकाही चाकाला कमी-जास्त झालं तर गाडी कलणार होती. गाडी कलली तर आपलं काय होईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

खरं तर हौसेनं गाडी खाली बसवून घेतली होती त्यानंच. तेव्हापासून येता-जाता फाटकातल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासायचं. खर्रर्र! मग तो उंचवटा बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तिला मात्र त्या खर्रर्रचा केवढा आधार होता! रस्त्यावरच्या रहदारीत त्याच्या गाडीचं इंजिन वेगळं ओळखू यायचं नाही, हा आवाज मात्र यायचा. तो आवाज झाला की दाराची कडी वाजेपर्यंत पंधरा श्वास मिळायचे. तेवढ्यात टीव्ही बंद, आईशी चाललेला फोन बंद, लेकीचे रंग पलंगाखाली. आठ वर्षांची पोर, पण तीही तयार झाली होती. बाप दारात यायचा तेव्हा दोघी अशा बसलेल्या असायच्या, की जणू त्या घरात कधी कुणी हसलंच नव्हतं.

त्या आवाजानं दगा दिला तो एकदाच. मागच्या वर्षी एका दुपारी नवरा झोपलेला पाहून तिनं लेकीला गाडीत बसवलं होतं आणि इंजिन चालू न करता गाडी उतारावरून सोडली होती. फाटकात पोट घासलं. तो उठून बाहेर आला. तेव्हापासून तिचं डावं मनगट नीट वळत नव्हतं.

सकाळी पहिल्याच चाकाला तिच्या मनात आलं होतं, मोजताना मधले चार-पाच आकडे गाळावेत. गाडी खालीच राहील, आवाजही राहील. पण शेवटी तो टेप लावून उंची मोजणार होता. तिची छाती झाली नाही.

"बावीस," ती म्हणाली.

त्यानं चाक चढवलं, जॅक उतरवला आणि चारही बाजूंनी टेप लावला. मापं जुळली. तो स्वतःवर खूश झाला आणि गाडी घेऊन एक चक्कर मारायला गेला.

ती स्वयंपाकघरात भांडी विसळत राहिली, कान मात्र फाटकाकडे. काहीच वाजलं नाही. मग मानेवर गरम श्वास लागला आणि हातातला पेला निसटून खळ्ळकन फुटला. तो तिच्या मागे उभा होता.

"बघितलंस?" तो खो खो हसला. "आता गाडी कधी आली, कधी गेली, कुणाच्या बापाला कळणार नाही!"

ती काचा गोळा करायला खाली बसली. ते पंधरा श्वास गेले. उद्यापासून तो कधीही मागे उभा असेल. लेक कपाटाआडून बघत होती.

आंघोळ करून तो जेवला. ग्रीसनं माखलेली पँट त्यानं तिच्या अंगावर फेकली. "आत्ताच्या आत्ता धू. डाग राहिला तर याद राख." मग पंखा लावून आडवा झाला आणि थोड्याच वेळात घोरायला लागला.

बादलीत बुडवण्याआधी तिनं सवयीनं पँटचे खिसे चाचपले. उजव्या खिशात किल्ली होती.

ती कितीतरी वेळ किल्लीकडे बघत उभी राहिली. मग बाहेर डोकावली. आनंदाच्या भरात तो फाटक लावायलाही विसरला होता.

तिनं लेकीच्या चपला हातात घेतल्या. पोर पाठोपाठ निघाली. दोघी गाडीत बसल्या, दारं नुसती ओढून घेतली. तिनं हँडब्रेक सोडला. गाडी मागे-मागे उतरायला लागली, झोपायच्या खोलीच्या उघड्या खिडकीखालून, फाटकाकडे. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले. लेकीनं कानांवर हात दाबले. मागची चाकं उंचवट्यावर चढली, उतरली. आता पोट. आता.

काहीच वाजलं नाही.

पुढची चाकंही उतरली आणि गाडी रस्त्यावर आली. लेकीनं कानांवरचे हात हळूच काढले.

"आई, बाबांना कळेल?"

तिनं किल्ली फिरवली.

"नाही गं," ती म्हणाली. "कुणाच्या बापाला कळणार नाही."