दोन लिप्यांची कमान

आप्पासोनं खिशातून सुतळी काढली आणि भिंतीवर लावलेल्या दोन कागदांना लावून बघितली. आधी मराठी अक्षरांना, मग शेजारच्या कन्नड अक्षरांना. उंची सारखी भरली.

"झालं न्हवं?" तो म्हणाला.

"भरली खरी," मायाप्पा म्हणाला. "पर आमचं कन्नड बारीक दिसतंय."

"मग सुतळी खोटं बोलती व्हय रं?"

"सुतळी तुझी हाय गड्या. तुझंच बोलणार."

समीक्षा कॉम्प्युटरपुढं बसून ऐकत होती. सांगलीच्या हळदबाजारातलं हे तिचं छोटं दुकान. फलकांचं, पत्रिकांचं, पाकिटांवरच्या अक्षरांचं काम ती करायची. हे दोघे जत भागातल्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या एका गावचे. निम्मं गाव मराठी, निम्मं कन्नड, आणि देव एकच, बिरदेव. मागच्या वर्षी देवळाच्या कमानीवर कन्नड नाव लहान पडलं. कुणीतरी अख्ख्या कमानीला डांबर फासलं आणि एका देवाच्या दोन जत्रा झाल्या. यंदा गावानं दोघांना मिळून धाडलं होतं. अक्षरं सारखी आणा, जत्रा एक करू. संध्याकाळी ती अक्षरं पत्र्यातून कापली जाणार होती. एकदा कापली की बदलता येणार नव्हती.

समीक्षानं कन्नड अक्षरं थोडी वाढवली आणि नवा कागद काढला.

"आता कसं!" मायाप्पा खूश झाला.

आप्पासोनं सुतळी लावली. "दोन बोटं वाढलं. गावात माप घेणारी माणसं लय हायत. डांबराचा डबा बी शिल्लक असंल."

"मामा, मापाला सारखं केलं की डोळ्याला लहान, आणि डोळ्याला सारखं केलं की मापाला मोठं," समीक्षा म्हणाली. ती चिडली नव्हती. तिला कोडं पडलं होतं, आणि ते तिला आवडल्यासारखं दिसत होतं.

तिनं पहिले, सारख्या मापाचे दोन कागद उचलले. रस्ता ओलांडून समोरच्या गोदामाच्या शटरला चिकटवले. परत येऊन दोघांना दुकानाच्या पायरीवर उभं केलं.

"आता चष्मे काढा."

"काढल्यावर दिसंल काय, पोरी?"

"नीट दिसायला नकोच आहे."

दोघांनी चष्मे काढले. मायाप्पानं डोळे चोळले.

"डाव्या अंगाला काळं मेंढरू बसलंय, यव्वा. उजव्या अंगाला भुरं कोकरू."

समीक्षानंही डोळे बारीक करून बघितलं, मग कपाळावर हात मारला. "उंची बरोबरच होती. फॉन्ट चुकला माझा."

मराठीला तिनं बॅनरवर नेहमी असतो तो जाडजूड फॉन्ट घेतला होता. त्याची डोक्यावरची रेघ भिंतीसारखी काळी. कन्नडला तशी रेघच नसते, आणि त्यातल्या जोडाक्षरांचे पाय खाली लोंबतात. पायासकट माप धरलं की धड लहान राहतं.

ती पुन्हा बसली. मराठीला एकामागून एक फॉन्ट लावून बघू लागली. सगळं नाव लिहिलं नाही. मराठी ब आणि कन्नड ब, एवढेच दोन शेजारी ठेवले.

"तुला कन्नड येतंय व्हय?" आप्पासोनं विचारलं.

"नाही हो."

"मग बघतीस काय?"

"अंग बघते त्याचं. कुठं जाड होतं, कुठं बारीक, पोटात जागा किती."

आप्पासोला अक्षरं आली ती केस पिकल्यावर, नातीच्या पाटीवरून. त्याआधी त्यालाही ती अशीच दिसायची, कुणी पोट सुटलेलं, कुणी लंगडं. वाचता यायला लागलं आणि ते दिसायचं बंद झालं. या पोरीला वाचता येत होतं, तरी तिला ते अजून दिसत होतं. तो स्टूल ओढून तिच्या मागं बसला.

एक फॉन्ट तिनं सुबक म्हणून ठेवला आणि लगेच काढून टाकला. "छान आहे, पण याला शेजारी चालत नाही." दुसरा फार नाजूक निघाला, "उन्हात पुसून जाईल." मग एक सापडला. वरची रेघ हलकी, पोट गोल. कन्नड जिथं जाड होत होतं, तिथंच हाही जाड होत होता. तिनं कन्नडचा जाडपणा एक पायरी वाढवला, पाय थोडे आवरून घेतले आणि कागद काढले.

आप्पासोनं मापून बघितलं. दोन्हींच्या उंचीत फरक नव्हता.

"अजून झालं नाही," समीक्षा म्हणाली. "चष्मे काढून पायरीवर थांबा."

ती कागद घेऊन पलीकडं गेली आणि पाठमोरी उभी राहून ते चिकटवले. डावीकडं कुठला, उजवीकडं कुठला, ते तिनं सांगितलं नाही. मधून एक सिटी बस गेली. बस सरल्यावर शटरवर दोन काळसर पट्टे दिसू लागले.

दोघं म्हातारे माना पुढं करून बघत राहिले. हमाल पोती घेऊन त्यांना वळसा घालून जात होते.

"काय दिसतंय?" समीक्षानं पलीकडून ओरडून विचारलं.

आप्पासो मायाप्पाच्या जवळ सरकला.

"मायाप्पा," आप्पासो हळूच म्हणाला, "ह्यातलं आपलं कुठलं रं?"

"दम खा की," मायाप्पा म्हणाला. "मीबी तेच हुडकतोय."