नमद्याचा थर

साजगावच्या कारखान्यात वीस वर्षं पत्रा ठोकून झाल्यावर ह्यांनी जुनी फियाट घेतली आणि शिळफाट्यावर टॅक्सी म्हणून लावली. पण गाडीतला आवाज काही ह्यांना सोसेना. आधी खाली गोणपाट अंथरलं, मग उन्हात मऊ केलेला डांबरी कागद पत्र्याला चिकटवला. तरी चैन नाही. जेवता जेवता उठून गाडीची दारं ठोकून बघायचे.

काल दारांच्या आत लोकरीचा जाडजूड नमदा भरला. माझ्या गादीला कधी एवढा कापूस मिळाला नाही.

"आता नाय थांबला ना, तर गाडी विकूनच टाकतो गं!"

घर त्या टॅक्सीवर चाललेलं. घाबरून मीही शेजारी जाऊन बसले. ह्यांनी काचा वर केल्या, डोळे मिटले.

"हाय अजून! उलट वाढलाय. बारीक शिट्टीवानी. तुला येतोय ना ऐकू?"

मी नुसता ह्यांच्या कानावरून हात फिरवला.


गाडी सुरू करायची चावी अजून माझ्याच मुठीत होती.