मधल्या दोन तारा

उदयसिंह सरांच्या पत्राला अप्पांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'तुमच्या लेखातला दुसरा दिवा पेटत नाही. सोबत फोटो. स्वतः न करता मुलांना शिकवू नये.' पत्राची एक प्रत संपादकांनाही गेली होती. अप्पांचं वर्तमानपत्रातलं मुलांसाठीच्या प्रयोगांचं सदर पुढच्याच रविवारी बंद झालं.

लेखाआधी अप्पांनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला होता, दोन्ही दिवे पेटलेही होते. पण एवढा मोठा प्राध्यापक म्हणतो म्हणजे आपलंच चुकलं असणार, असं धरून अप्पांनी पत्र पुस्तकात दडवलं. आज ते पत्र घेऊन ते शाहूपुरीत मोनाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आले होते. निदान चूक तरी कळावी.

मोनानं फोटो उजेडात धरला. तारा आणि दिवे खोचायची भोकं असलेला पांढरा ब्रेडबोर्ड, डावीकडचा दिवा पेटलेला, उजवीकडचा विझलेला.

"ह्या पावण्यानं मधल्या तारा कुठं टाकल्यात?"

"म्हणजे?"

"कडंच्या ह्या वीज नेणाऱ्या दोन्ही पट्ट्या मधोमध तुटक हायत की, अप्पा. ही लाल रेघ बघा, मधी थांबलीया. तिथं जोड दिल्याबिगर वीज पलीकडं जायाची न्हाय. एवढंबी ठाऊक न्हाय व्हय ह्येला?"

अप्पांनी पिशवीतून लेखाचं कात्रण काढलं. आकृतीत मधोमध दोन छोट्या तारा होत्या. खाली त्यांचंच वाक्य होतं, 'या दोन तारा विसरू नका.'

मोनानं वाचलं. "आन् तुमी सहा वर्सं गप बसला?"

अप्पांचे कान लाल झाले.

"दोन तारा दे," ते म्हणाले. "एक लाल, एक काळी."

फोटोत पट्ट्या तुटल्या होत्या नेमक्या तिथं त्यांनी पिनेनं भोकं पाडली आणि तारा टाक्यांसारख्या ओवल्या. फोटोच्या पाठीवर लिहिलं, 'दिवा पेटतो. स्वतः न वाचता मुलांना शिकवू नये.' पत्ता सरांच्या घरचा नाही, कॉलेजच्या कार्यालयाचा घातला. उत्तरासाठी तेव्हाच घेतलेली टपालाची तिकिटं पत्राच्या घडीत होती. ती चिकटवली.

"पाकीट देऊ?"

"नको. आधी शिपायानं वाचावं, मग कारकुनानं. सरांनी शेवटी."

दुकानासमोरच टपालपेटी होती. फोटो आत गेला, पण लाल तार पेटीच्या तोंडाला अडकली. अप्पांनी इकडं तिकडं पाहिलं नाही. बोटानं ती आत ढकलली.