मॅडमच्या मनगटावरचं कार्ड

भिंगरीने मॅडमच्या मनगटावर लाल कार्ड बांधलं. गाठ घट्ट मारली. मग हॉलभर नजर फिरवली. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली तोंडाचा आ करून बघत होत्या.

सकाळी मंडईचं छप्पर कोसळलं होतं. जखमींना शेजारच्या या शाळेत आणत होते. नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली एकेकाला तपासून कार्ड बांधत होत्या. हिरवं म्हणजे थांबू शकेल. पिवळं म्हणजे लवकर. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, नाहीतर माणूस हातचा गेला. लाल कार्ड फक्त शिक्षकांनी बांधायचं, असा कॉलेजचा कडक नियम. आणि भिंगरीने ते थेट शिक्षकालाच बांधलं होतं! तेही कोणाला? अख्खं कॉलेज जिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायचं, तिला.

“अगं, मला काय धाड भरलीय?” मॅडम हसत म्हणाल्या.

दीड तासापूर्वी ढिगाऱ्यातून एका बाईला ओढून काढताना त्यांच्या डोक्यावर वीट पडली होती. हेल्मेटला तडा गेला. कानामागे टेंगूळ आलं. त्यावर ओला रुमाल दाबून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या.

प्राचार्य सर तरातरा आले. “बाहेर एकच ॲम्ब्युलन्स आहे. तिच्यात एकच जागा आहे. ती कुणाला द्यायची, हे आता तू ठरवणार?”

“हो, सर.”

“काढ ते कार्ड.”

“नाही काढणार.”

“उलट बोलल्याबद्दल तुझ्या नावावर ताकीदीचं एक पत्र आधीच आहे. दुसरं निघालं की कायमची घरी. ठाऊक आहे ना?”

आई तिच्या पांढऱ्या गणवेशाला रोज स्वतः इस्त्री करायची. इतर कोणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. भिंगरीने त्याच गणवेशाला घामेजलेले हात पुसले आणि मान ताठ केली.

“काढा पत्र, सर. पण आधी मॅडमना गाडीत घाला.”

“लक्षण सांग! एक तरी लक्षण सांग मला. नाडी?”

“बरोबर आहे.”

“रक्तदाब?”

“तोही बरोबर.”

“डोळ्यांच्या बाहुल्या?”

“दोन्ही सारख्या.”

“मग कसलं लाल कार्ड? खेळ वाटला का तुला?”

भिंगरीने खिडकीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. पाय मोडलेला एक हमाल तिथे आडवा पडला होता. त्याचं पिवळं कार्ड सदऱ्याच्या बटणाला लटकत होतं.

“ते मी बांधलं. घाईत, बटणाला.”

मुलींमध्ये कुजबुज झाली. मागच्याच आठवड्यात सरावाच्या वेळी भिंगरीने हीच चूक केली होती. तेव्हा मॅडम अशा कडाडल्या होत्या की फाटकावरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला होता. “सदरा कापून फेकतात, शहाणे! कार्ड जातं कचऱ्यात आणि माणूस राहतो पडून! मनगटाला बांध, मनगटाला!”

“मॅडम आत्ता त्या बाकापाशी गेल्या होत्या,” भिंगरी म्हणाली. “वाकून कार्ड बघितलं त्यांनी. आणि मला म्हणाल्या, छान.”

सरांनी मॅडमबरोबर कॉलेजात बावीस वर्षं काढली होती. ते सावकाश त्यांच्याकडे वळले.

“तुम्ही हिला छान म्हणालात?”

“म्हणाले असेन,” मॅडम गोड हसल्या. “गुणाची पोर आहे.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

“स्ट्रेचर!” ते ओरडले. “अरे, बघताय काय, स्ट्रेचर आणा!”

ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली. भिंगरी धावत हमालापाशी गेली आणि तिने त्याचं कार्ड सोडवून मनगटाला बांधलं.

कवटीच्या आत रक्त साचत होतं. गाडी इस्पितळात पोचेपर्यंत मॅडम बेशुद्ध झाल्या होत्या. अर्धा तास उशीर झाला असता तर आम्हीही काही करू शकलो नसतो, असं सर्जन म्हणाले.

सहाव्या दिवशी सर वर्गात आले. भिंगरी उभी राहिली. पत्र घ्यायला तिने हातसुद्धा पुढे केला. सरांनी खिशातून फोन काढला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

आवाज खोल गेला होता, घोगरा झाला होता. पण वर्ग एका क्षणात ताठ बसला.

“नर्सनी माझं कार्ड जपून ठेवलंय. त्यावर बांधल्याची वेळ कोण लिहिणार होतं गं, तुझा काका? चल, वर्गाबाहेर! तासभर उभी राहा!”

भिंगरी बाक ओलांडून दाराकडे पळाली.

“दोन तास उभी राहते, मॅडम!”