दोर आणि बादली

भावाभावांच्या वाटणीत सामाईक विहिरीचा दोर थोरल्याकडे गेला आणि बादली धाकट्याकडे. विहिरीवर मोटार होती, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. जावांनी मात्र तेव्हापासून अबोला धरला. चार वर्षांनी वादळानं मूल गावाकडचे विजेचे खांब लोळवले. तिसऱ्या दिवशी हंडे कोरडे पडले, तशी धाकटी रिना बादली घेऊन थोरल्या बायनाबाईच्या दारात उभी राहिली. “बाई, दोर देता का?” “देत नाई. घेऊन येतो मीच.” दोघी पाणी शेंदू लागल्या. बादली काठाला आपटून निम्मी सांडली. “मोटारीनं हात बिघडवले वं तुहे!” म्हणत बायनाबाई हसली, रिनाही. मग रोज विहिरीवर तासभर गप्पा चालायच्या. नवव्या दिवशी रिनाचा नवरा ओरडला, “वहिनी, लाइन आली! मोटार लावा!” बायनाबाईनं मोटारीचा फ्यूज हळूच काढून पदराला बांधला. “मोटार बिघडली, भाऊ! रिना, बादली आण!”